लागणीची तारीख कुणी बदलली

पहिली कानफटात बसली तेव्हा माझा चष्मा उडून प्रिंटरच्या मागे पडला. दुसरीला ओठ फुटला. तिसरी मात्र मी खाल्ली नाही. हाताला लाकडी स्टूल लागलं, ते उचलून समोरच्याच्या नडगीवर हाणलं. समोरचा पैलवान होता, तालमीत कान मोडलेला. माझ्या स्टुलानं त्याला काय होणार? पण तो एकदा कळवळला आणि तेवढ्यानं माझा जीव गार झाला. नंतर मी खाली आणि लाथा वर. डोकं हातांत धरून टेबलाखाली सरकत होतो आणि तोंडानं शिव्या चालूच होत्या. माझं तोंड कधी बंद होत नाही, मार खाताना तर मुळीच नाही.

ही साखर कारखान्यातली शेतकी विभागाची कंप्युटर रूम. कारखाना नगर जिल्ह्यातला, नेवाशाच्या बाजूचा, एवढं पुरे. नाव सांगत नाही, त्या रस्त्यानं मला अजून लग्नाकार्याला जावं लागतं. साल नव्वदीतलं, शेवटाकडचं. मी भिंगारचा. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कामगार, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पोरांनी शिकायचं हा एकच नियम. मी कंप्युटरचा डिप्लोमा केला आणि कारखान्यात प्रोग्रामर म्हणून लागलो. घरी आईनं गल्लीभर पेढे वाटले. तिला कुठं ठाऊक की पोरगं एसीत बसून लाथा खाणार आहे.

भांडण तारखेवरून होतं. आमच्याकडे ऊस कधी तुटणार हे लागणीच्या तारखेवर ठरतं. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटणार. शेतकऱ्यानं लागण केली की शेतकी विभागात नोंद होते, गळीत हंगाम सुरू झाला की त्या तारखांच्या क्रमानं फडात तोडणीवाल्यांची टोळी जाते. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, विहिरीनं तळ गाठला तर उभ्या उसाची चिपाडं होतात. त्या एका तारखेपायी सख्ख्या भावांनी एकमेकांवर कोयते उपसलेले मी पाहिलेत. आपला नंबर लागत नाही म्हणून स्वतःच्या हातानं ऊस पेटवून देणारेही पाहिलेत, कारण जळालेला ऊस कारखान्याला ताबडतोब तोडावाच लागतो.

पूर्वी ह्या नोंदी रजिस्टरात असत. रजिस्टरात कुणी तारीख बदलली तर खाडाखोड दिसायची, शाई वेगळी दिसायची, भांडायला काहीतरी हातात असायचं. कंप्युटर आला आणि ती सोय गेली. कंप्युटरातल्या तक्त्यात, त्याला आम्ही टेबल म्हणतो, एखाद्या शेतकऱ्याच्या ओळीत जाऊन जुनी तारीख पुसली आणि नवी टाकली, की जुनी कधी नव्हतीच. त्या हंगामात तसंच झालं होतं. पैलवानाच्या मागून लागण केलेल्यांचे फड तुटून साफ झाले आणि पैलवानाचा ऊस तुरे मिरवत उभा. तो माणसं घेऊन विचारायला आला. विचारायला कसला, मारायलाच.

"ह्या भिंगारच्या जयभीमवाल्याला मशिनीवर बसवलं, आन आमच्या तारका उलट्या झाल्या," तो ओरडत होता. "व्हय रे, तुझ्या बापाचा ऊस हाय का?"

माझ्या बापाकडे तुळशीवृंदावनापुरतीही जमीन नव्हती, आणि आमच्या घरी तुळस नव्हती हा भाग वेगळाच. मी त्याला तसं सांगितलंही, टेबलाखालून. त्याबद्दल आणखी एक लाथ.

तेव्हा काका मध्ये पडले. काका म्हणजे आमच्या खोलीतले सगळ्यात जुने ऑपरेटर. रजिस्टरातल्या सगळ्या नोंदी त्यांनीच कंप्युटरवर चढवल्या होत्या. शनिशिंगणापूरचे. बुटके, पान खाणारे, आवाज एवढा मोठा की फोनची गरज नाही असं आम्ही म्हणायचो. ते पैलवानाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले.

"पोरगं नवं हाय. त्याला शेतकऱ्याचं नाव बी म्हाईत न्हाई आन गट बी म्हाईत न्हाई. तारका ह्या हातानं पडत्यात. मारायचं तर हितं मार."

पैलवानानं काकांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"काका, तुमी बदलल्या?"

"म्या न्हाई बदलल्या."

"मंग कुनी?"

"ते मला ठाव न्हाई."

"मंग येत्या बाजाराच्या दिवशी येतो," पैलवान म्हणाला. "तवर नाव काढा. न्हाई निघालं तर ह्योच हात टेबलावर ठेवायचा आन म्या कोयता घिऊन येतो. शब्द देतो."

आमच्या भागात पैलवानानं चारचौघांत दिलेला शब्द मागे घेतला तर त्याला पुढच्या जत्रेत कुणी आखाड्यात उतरू देत नाही. काकांना हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्याच्याबरोबर आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते गेले. काकांनी प्रिंटरच्या मागून माझा चष्मा काढून दिला. एक काच तडकली होती. मी त्यांच्यावरच खेकसलो, तुम्हाला कुणी मध्ये पडायला सांगितलं होतं म्हणून. ते म्हणाले, "गप ऱ्हा. वठ पूस."

साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे शेतकी विभागाचे मुख्य. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, पंख्याचा वेग वाढवला आणि म्हणाले, "शेतकरी आहेत, तापतात. गेटवर वॉचमन वाढवू." एवढंच. वॉचमन वाढवला नाही. मी बाहेर येऊन भिंतीवर बुक्की मारली आणि माझ्याच बोटांची सालटी काढून घेतली.

मग मी ट्रिगर लिहायला बसलो.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. डेटाबेसमध्ये टेबलाला अशी एक सूचना बांधून ठेवता येते, की ह्यातली कुठलीही ओळ कुणी बदलली तर त्याच क्षणी आपण होऊन अमुक एक काम कर. माणसानं कुठल्या स्क्रीनवरून बदललं, सरळ मार्गानं की आडमार्गानं, त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. ओळ बदलली की ट्रिगर उडतो. मी त्याला सांगितलं, लागणीच्या तारखेला कुणी हात लावला तर जुनी तारीख, नवी तारीख, शेतकऱ्याचं नाव, वेळ आणि बदलणाऱ्याचं लॉगिन, हे सगळं दुसऱ्या एका टेबलात लिहून ठेव. त्या दुसऱ्या टेबलाबद्दल मी काकांशिवाय कुणालाही सांगितलं नाही. लिहिताना माझे दात आवळलेले होते. सुजलेला ओठ ठणकत होता आणि प्रत्येक ठणक्याला मी मनात म्हणत होतो, एकदा घावू दे, भडव्या, एकदा घावू दे.

काकांना ते आवडलं नाही. शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात. तिथं चोरी केली तर महाराज बघून घेतात, माणसानं कुलूप लावलं तर तो महाराजांवरचा अविश्वास. काका त्याच हिशेबानं नोकरी करत होते. कंप्युटर आला तेव्हा सगळ्या विभागाला मिळून एकच लॉगिन दिलं होतं, ते काकांच्या नावाचं, आणि त्याचा पासवर्ड काकांनी खोलीतल्या कालनिर्णयवर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता, कुणाला अडचण नको म्हणून. साहेबांच्या केबिनमधल्या टर्मिनलवरही, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डवरही, तेच लॉगिन. चहाला जाताना टर्मिनल बंद करणं हा आमच्या खोलीत अपमान समजत. मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं तर शेजारचा क्लार्क दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

"ह्ये असलं नजर ठेवायचं काम बरं न्हवं," काका म्हणाले. "आपल्याच मान्सावर?"

"तुमचा हात जाणार आहे," मी म्हणालो. "कुठल्या मान्साची भाषा करताय?"

ते पान लावत बसले. मग म्हणाले, "बरं, कर."

दोनच दिवसांत ट्रिगर उडाला. सकाळी येऊन मी ते दुसरं टेबल उघडलं तर त्यात ओळी पडलेल्या. जुनी तारीख, नवी तारीख, नाव, वेळ. आणि बदलणाऱ्याच्या जागी सगळीकडे काकांचं नाव. अर्थातच. सगळा कारखाना काकांच्याच नावानं आत शिरत होता.

मी कीबोर्ड उचलून आपटला. त्याची दोन बटणं उडाली. मूर्खासारखं काय केलं होतं मी? ज्याचे हात वाचवायचे त्याच्याच गळ्यात दोरी अडकवणारं यंत्र बनवलं होतं, तेही मोठ्या अकलेनं. पैलवानानं हा कागद पाहिला असता तर कोयत्याची धार लावायलाही थांबला नसता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. मी काकांना ओळी दाखवल्या. त्यांनी आपलं नाव इतक्या वेळा एकाखाली एक पाहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा भ्यालेला दिसला.

"म्या न्हाई रे," ते मलाच म्हणाले.

"मला माहीत आहे हो," मी ओरडलो. इतक्या जोरात, की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली.

मग त्यात आणखी एक रकाना घातला. कुठल्या लॉगिननं बदललं ते राहू दे, कुठल्या टर्मिनलवरून बदललं तेही लिही. माणूस दुसऱ्याच्या नावानं आत येऊ शकतो, पण बसायला त्याला कुठल्यातरी खुर्चीवरच बसावं लागतं. प्रत्येक टर्मिनलला सर्व्हरकडे आपला नंबर असतो. नवा रकाना टेबलात शेवटी घातला, उजवीकडे अगदी टोकाला.

बाजाराच्या आदल्या दिवशी पुन्हा ओळी पडल्या. ह्या वेळी मी पाहिलं आणि हसलो. हसू चांगलं नव्हतं, माझं मलाच कळत होतं. सगळ्या ओळींच्या टोकाला एकच नंबर होता आणि तो साहेबांच्या केबिनमधल्या टर्मिनलचा होता.

नावं वाचली तर आणखी डोकं फिरलं. त्यातलं एक नाव कारखान्याच्या एका संचालकाच्या भावाचं होतं. बाकीची नावं त्या फडाच्या शेजारच्या साध्या शेतकऱ्यांची. काकांना गावं तोंडपाठ, त्यांनी लगेच उलगडलं. एकट्या भावाचाच ऊस मध्येच आधी तुटला तर लोकांच्या डोळ्यांत येतं. म्हणून साहेबांनी शेजारचे दोन-चार फडही पुढं ओढले होते, पट्टाच्या पट्टा तुटला की कुणाला शंका नको. ज्यांच्या तारखा ओढल्या त्या शेजाऱ्यांना पत्ताही नव्हता. त्यांच्या बांधावर टोळी आली, त्यांनी देव पावला म्हणून नारळ फोडले असतील.

मी तडक केबिनकडे निघालो. साहेबांना खुर्चीसकट बाहेर ओढायचं एवढंच डोक्यात होतं. काकांनी माझा शर्ट मागून धरला, बटण तुटेपर्यंत.

"उद्या ते येनार हायेत. समद्यांच्या म्होरं वाच. आत्ता गेलास तर साहेब ते पुसून टाकायला लावतील आन तुला बी पुसतील."

बरोबर होतं. म्हणून मी लांब प्रिंटरवर, त्या रुंद रेघारेघांच्या कागदावर, सगळं छापून घेतलं आणि कागद घडी करून शर्टाच्या आत घातला.

ते सकाळीच आले. बाजाराच्या पिशव्या कुणाच्या हातात नव्हत्या. पैलवान पुढं, त्याच्या मागं चाळीस-पन्नास माणसं, काहींच्या हातात टोळीवाल्यांकडून घेतलेले कोयते, काहींच्या हातात उसाची टिपरी. गेटवर वॉचमन होता तो भिंतीला चिकटून उभा राहिला. साहेबांची जीप मागच्या रस्त्यानं मळीच्या टाकीकडून निघून गेलेली मी खिडकीतून पाहिली. निघून जाताना त्या माणसानं आमच्या खिडकीकडे पाहिलं होतं.

दार ढकलून ते आत शिरले. कुणी मॉनिटरवर टिपरं घातलं, काच फुटली, आत ठिणगी उडाली. पैलवानानं काकांचं उजवं मनगट धरलं आणि हात टेबलावर पालथा दाबला. काकांनी ओढून घेतला नाही. नुसते डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. महाराजांना काय सांगत होते देव जाणे.

"नाव," पैलवान म्हणाला.

"नाव आहे," मी ओरडलो. तीन जणांनी मला दाबून धरलं होतं. एकाच्या हाताला मी कडकडून चावलो, तो सुटला, मी शर्टातून कागद काढून वर धरला. "सगळं आहे ह्यात. कुणाची तारीख बदलली, कधी बदलली, कुठून बदलली. कंप्युटरनं लिहिलंय. वाचा."

कोयता वरच थांबला. कागद माझ्या हातातून हिसकला गेला. त्यांच्यातल्या एकाच्या खिशाला पेन होतं, त्याच्याकडे दिला. कागद रुंद, माणसं खेटून उभी, त्याला हात पसरायला जागा नव्हती. त्यानं घडी निम्मीच उलगडली. उजवी बाजू मागे दुमडलेलीच राहिली.

त्यानं पहिलं नाव वाचलं.

ते त्या शेजारच्या शेतकऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याचं नाव होतं. आणि म्हातारा तिथंच उभा होता, दारात, त्यांच्यातच. सगळी माणसं जातायत म्हणून तोही आला होता, हातात उसाचं टिपरं घेऊन. आपलं नाव ऐकून तो नुसता इकडेतिकडे बघायला लागला.

तुम्हाला वाटेल, लोकांनी विचारलं असेल की ही तारीख कुणी बदलली. कुणी विचारलं नाही. आमच्या उसाच्या मुलखात तो प्रश्नच येत नाही. ज्याचा ऊस आधी तुटला तो चोर. टायपिंग कुणी केलं हे विचारायला लोक कुठले थांबतायत, ज्याच्या तोंडात गूळ त्याच्याच गालावर चापट. म्हाताऱ्याच्या फडात आदल्या दिवशीच टोळी शिरली होती आणि ते तिथल्या प्रत्येकानं पाहिलं होतं.

"थेरड्या, आमच्यातच ऱ्हाऊन," कुणीतरी म्हणालं, आणि पहिलं टिपरं म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसलं.

मी ओरडत होतो. शेवटचा रकाना वाचा, उजवीकडचा, कागद उघडा, त्यानं नाही बदलली, केबिनमधून बदलली. घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. कुणी ऐकत नव्हतं. म्हातारा खाली पडला, त्याचं मुंडासं सुटून पायांत आलं. माणसं त्याच्याभोवती अशी दाटली की मला फक्त वर जाणारी टिपरी दिसत होती आणि खाली येणारा आवाज ऐकू येत होता. ओल्या मांसावरचा आवाज. तो मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. त्या माणसांचा मला अजून राग आहे. वीस वर्षं होऊन गेली, तरी आहे.

पैलवानानं काकांचा हात सोडला होता. तो कोयता उलटा धरून, धारेची बाजू वर करून, गर्दीत घुसला. मागे वळून पाहिलं तर काका टेबलापाशी नव्हते.

ते गर्दीच्या पायांतून आत शिरले होते. एवढासा बुटका माणूस, म्हणून शिरता आलं. म्हाताऱ्याच्या अंगावर पालथे पडले आणि दोन्ही हात त्याच्या डोक्यावर धरले. पैलवानाचा घाव आधीच सुटलेला होता. कोयत्याची जाड पाठ काकांच्या उजव्या हातावर बसली. मी तेवढ्यात पोचलो होतो. ते हाड मोडताना मी ऐकलं.

मग सगळे थांबले. कारखान्याचा भोंगा झाला पाळी बदलायचा, आणि त्या भोंग्यात सगळे काकांच्या हाताकडे बघत उभे राहिले.

म्हातारा वाचला. डोक्याला टाके पडले, एका कानानं ऐकू येईना, पण वाचला. काकांचा हात मात्र नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिला आणि सांगितलं, जुळेल पण बोटं वळणार नाहीत. काका दोन-तीनदा विचारत होते, टायपिंगपुरती तरी? डॉक्टर नाही म्हणाले. त्यांना त्या हातानं एवढं एकच काम येत होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि मी व्हरांड्यात जाऊन रडलो. लाज वाटायचं कारण नाही, रडलो. आल्यागेल्यांनी पाहिलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी पैलवान आला. हातात केळी. मी दारातच आडवा झालो. त्याला तिथंच जिन्यावरून ढकलून द्यायचं माझ्या मनात होतं आणि त्यानंही ते ओळखलं असणार, कारण तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला, मुद्दाम, ढकलायला सोपा जाईल असा.

"येऊ दे रे त्याला," आतून काका म्हणाले.

तो आत आला. कॉटजवळच्या स्टुलावर बसला आणि खाली बघत राहिला. एवढं मोठं धूड, पण स्टुलावर मावेना असं वाटत नव्हतं, आकसून गेलं होतं.

"काका, तुमचा हात मला तोडायचा नव्हता," तो म्हणाला.

"तोडायचा म्हनूनच तर आला हुतास की," काका म्हणाले. "शब्द दिला हुतास. तोडलास. आता रडतोस कशाला?"

केळी कुठं ठेवावीत ते पैलवानाला समजेना, ती तशीच मांडीवर.

कागद माझ्याकडे होता. त्या दिवशी खोलीतून मी तो उचलून आणला होता, चुरगळलेला, त्यावर बुटांचे ठसे आणि रक्त. मी तो पैलवानाच्या मांडीवर, केळ्यांवर, पूर्ण उलगडून पसरला. वाच म्हटलं. तो वाचायला लागला. शाळा चौथीपर्यंतची असावी, बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द जुळवत. म्हाताऱ्याचं नाव, जुनी तारीख, नवी तारीख, वेळ, काकांचं लॉगिन. मग बोट उजवीकडे सरकलं आणि टोकाच्या नंबरावर थांबलं.

"ह्यो नंबर काय?"

"साहेबांच्या केबिनचा. ते टर्मिनल तिथंच असतं. तिथं दुसरं कुणी बसत नाही."

त्यानं खालच्या सगळ्या ओळी वाचल्या. प्रत्येक ओळीच्या टोकाला बोट नेलं. संचालकाच्या भावाच्या नावावर जरा जास्त वेळ थांबला. वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडच्या कॉटवर कुणीतरी खोकत होतं, काका टक्क जागे होते आणि त्याच्या बोटाकडे बघत होते. बराच वेळ लागला त्याला. मग त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"हे तवाच का न्हाई सांगितलं कुनी?" त्यानं मला विचारलं.

"सांगत होतो," मी म्हणालो. "तुम्ही मारत होतात."